तुळजापूरच्या घाटासाठी सायकलला कुठली कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच)?

प्रश्न: सोलापूरहून तुळजापूरला जायचंय. सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं (५०/३४), मागे ८ चक्रांची (८ स्पीड) कॅसेट, ११ ते २८ दातांची (११-२८). घाटात पाय जड होतात. काय बदलू?

उत्तर १: ११-३४ घ्या. पुढचे दात भागिले मागचे, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे किती फेरे: ३४/२८ म्हणजे १.२१, ३४/३४ म्हणजे १. मिनिटाला पॅडलचे ६० फेरे मारले तर ताशी ९ ऐवजी साडेसात किलोमीटर. गुडघे वाचतात.

उत्तर २: थांबा, आधी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) पाहा! त्याला ३४ दाती चक्र आणि एकूण ३९ दातांची क्षमता हवी (पुढच्या चक्रांतला फरक १६ अधिक मागच्यांतला २३). शॉर्ट केजला (आखूड पट्टीच्या डिरेलरला) हे झेपत नाही. चेनही नवी मापा: डिरेलरमधून न घेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून गुंडाळून आणखी दोन कड्या ठेवा. आखूड राहिली तर डिरेलरच मोडेल.

उत्तर १: बरोबर. डिरेलरची वरची पुली (छोटं चाक) ३४ दाती चक्राला घासली तर बी-स्क्रू (पुली चक्रापासून दूर नेणारा स्क्रू) आत फिरवा.