अनुभव धागा: विजेटला विचारलं एक, त्याने सांगितलं भलतंच

रत्नागिरी (धागा काढणारा)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदरावरची गिऱ्हाइकं मोकळी असतात, त्यामुळे त्यांच्या प्रोग्रॅमांची डागडुजी मी याच दिवसांत उरकतो. यंदा एक गोष्ट डोळ्यांत भरली. बऱ्याच तक्रारींच्या बुडाशी तेच: विजेटची (पडद्यावरचं बटण, खाना, लेबल असला तुकडा) प्रॉपर्टी, म्हणजे मजकूर, रंग, रुंदी असला गुण, वाचायला किंवा बदलायला गेलो आणि विजेटने भलताच कारभार केला. खिडक्या-बटणं बनवायचं साधन टीकेइंटर, क्यूटी, जीटीके, काहीही चालेल. कुठे फसलात आणि कसे सुटलात ते लिहा. "मॅन्युअल वाचा" एवढंच लिहायचं असेल तर आधी चहा घेऊन या.

सुरुवात माझ्यापासून. बर्फाच्या कारखान्याचं चलन, टीकेइंटरमध्ये. "एकूण रक्कम"च्या एंट्रीत (लिहायच्या खान्यात) कोणी हाताने ढवळाढवळ करू नये म्हणून तिची स्टेट रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरती) केली. मग कोडमधून आकडा इन्सर्ट करत (आत घालत) बसलो. खाना कोरा. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दोन तास हिशेबाचं गणित तपासलं, ते बरोबरच होतं. रीडओन्ली आणि डिसेबल्ड (बंद केलेली) एंट्री इन्सर्ट-डिलीट गपचूप गिळते, मग ते कोडमधून आलं तरी. स्टेट नॉर्मल करा, लिहा, परत रीडओन्ली करा. नाहीतर टेक्स्टव्हेरिएबल (खान्याशी बांधलेला व्हेरिएबल) जोडून त्या व्हेरिएबललाच सेट करा, ते रीडओन्लीतही दिसतं. मी आता हा दुसरा उपायच करतो.

देवगड

आमचा किस्सा गावभर झालाय, तेव्हा मीच सांगून मोकळा होतो. आंब्याच्या पेट्यांची नोंद. सकाळची गाडी ५ पेट्या, दुपारची १२. दोन एंट्रींतून गेट करून (आतलं वाचून) बेरीज केली आणि लेबलावर आलं: ५१२. काकांनी चष्मा वर करून विचारलं, "एवढी कलमं आपली कधी झाली रे?"

एंट्रीचं गेट नेहमी स्ट्रिंग देतं, म्हणजे आकडा नव्हे, नुसती अक्षरं. दोन स्ट्रिंगांची बेरीज म्हणजे चिकटवाचिकटवी. इंट लावला (स्ट्रिंगचा आकडा करणारा), संपलं. खरी घोडचूक वेगळी होती: चालू बेरीज मी लेबलाच्या टेक्स्टमध्येच ठेवत होतो आणि पुढच्या वेळी सीगेटने (प्रॉपर्टी वाचायची आज्ञा) तिथूनच उचलत होतो. लेबलावर "पेट्या" हा शब्द जोडला त्या दिवशी सगळं कोसळलं. आता आकडा व्हेरिएबलमध्ये असतो, लेबल फक्त दाखवतं.

जाता जाता: काका आकडे मराठीत टाकतात. पायथन भाषेचा इंट "५१२" सुद्धा बिनतक्रार घेतो. मी उगाच आकडे बदलणारं फंक्शन लिहून ठेवलं होतं.

मालवण

भरती-ओहोटीचा आलेख कॅनव्हासवर (चित्र काढायच्या विजेटवर) काढायचा होता. कॅनव्हास बनवला, पॅक केला, पुढच्याच ओळीत विन्फो_विड्थ (रुंदी) विचारली. उत्तर १. एक पिक्सेल! अख्खी भरती एका रेषेत.

कारण एवढंच, की खिडकी अजून पडद्यावर मांडलीच गेली नव्हती. आधी अपडेट_आयडलटास्क्स (राहिलेली मांडणी-रंगवणी आत्ता उरक, असा हुकूम) बोलावलं की खरा आकडा मिळतो. खिडकी ताणली-आक्रसली तरी आलेख नीट राहावा म्हणून शेवटी मी कॉन्फिगर इव्हेंट (आकार बदलल्याची खबर) बांधला आणि रुंदी तिथूनच घेतो.

सीगेटने विड्थ विचारली तर तिसरंच उत्तर येतं: तुम्ही मागितलेली रुंदी. विन्फो सांगतं ती मिळालेली. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणीत भरलेलं क्षेत्र, असं समजा. कोकणात हे जास्त फोडून सांगायला नको.

कुडाळ

आम्ही क्यूटीवाले. मासळीच्या बिलात तीन डबलस्पिनबॉक्स (दशांशाचे आकडे टाकायचे खाने): वजन, दर, एकूण. दर बदलला की एकूण बदलावं, एकूण बदललं की दर. गिऱ्हाईक म्हणालं, तीन किलोचे शंभर रुपये द्या करून. एकूणमध्ये १०० टाकले, दर झाला ३३.३३, आणि डोळ्यांदेखत शंभराचे ९९.९९ झाले. मावशी म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर एक पैसा मारतो."

घडतं असं: कोडमधून सेटव्हॅल्यू केलं (किंमत घातली) तरी व्हॅल्यूचेंज्ड, म्हणजे किंमत बदलल्याचा सिग्नल, सुटतो, माणसाने टाकलं की प्रोग्रॅमने हे तो बघत नाही. दराने परत एकूणला ढकललं. पुन्हा भागाकार ३३.३३च आला, किंमत बदलली नाही, म्हणून साखळी तिथे थांबली. नाहीतर फिरत राहिली असती.

उपाय ब्लॉकसिग्नल्स (सिग्नल तेवढ्यापुरते रोखणं). पण मी एका फांदीत सिग्नल परत सोडायला विसरलो आणि आठवडाभर एकूणचा खाना मुका होता. त्यापेक्षा क्यूसिग्नलब्लॉकर वापरा, विथ ब्लॉक संपला की तो स्वतः सोडतो. साधा लाइनएडिट (एका ओळीचा खाना) असेल तर टेक्स्टचेंज्डऐवजी टेक्स्टएडिटेड ऐका, तो फक्त माणसाने टाइप केल्यावरच येतो.

अजून एक, थोडक्यात. इजव्हिजिबल (दिसतंय का?) खोटं सांगतंय असं वाटलं तर आधी आईबाप बघा. बाहेरची खिडकी लपलेली असेल तर आतलं धडधाकट बटणही फॉल्स (नाही) म्हणतं. बाहेरची खिडकी बंद (डिसेबल्ड) असेल तर इजएनेबल्डचीही (चालू आहे का?) तीच गत.

वेंगुर्ले

मी मुलांना शिकवते. पहिला मार सगळ्यांना एकाच जागी बसतो: साध्या बटणाचं बीजी (पार्श्वभूमीचा रंग) बदललं, मग चांगलं दिसतं म्हणून टीटीके (टीकेइंटरचेच नटवे विजेट) आणलं, आणि तीच ओळ "अननोन ऑप्शन" म्हणून फुटली. टीटीकेत रंग स्टाइलमधून जातात. कुठल्या विजेटला काय चालतं ते पाठ करू नका, कीज बोलवा (ऑप्शनांची नुसती नावं देतं) किंवा रिकामं कॉन्फिगर. कॉन्फिगरमध्ये बहुतेक ऑप्शनमागे पाच गोष्टी येतात: नाव, डेटाबेसमधलं नाव, वर्ग, मूळ किंमत, आताची किंमत. शेवटच्या दोन शेजारीशेजारी ठेवल्या की आपण काय बदललंय ते उघडं पडतं. मी परीक्षेत हेच विचारते.

आणि आमच्या लॅबमधलं जुनं दुखणं. लिनक्सवर टीकेच्या (टीकेइंटर ज्यावर उभं आहे त्या साधनाच्या) लेबलावर "शिरोडा" लिहिलं तर इकार श च्या डावीकडे न येता उजवीकडे पडतो, आणि आमच्या गावाचा रफार तर कुठे जातो देव जाणे. सीगेट केलं तर स्ट्रिंग अगदी शुद्ध. फॉण्टची प्रॉपर्टी बदलून बदलून मुलं थकली. दोष अक्षरजुळणीचा, आपल्या कोडचा नाही. मराठी पाट्यांसाठी आम्ही क्यूटीवर गेलो.

अलिबाग

जीटीके. हवामानाचे आकडे आणणाऱ्या थ्रेडमधूनच (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) सेट_लेबल करत होतो, म्हणजे लेबलाचा मजकूर बदलत होतो. दहा दिवस चाललं, अकराव्या दिवशी सेगफॉल्ट (प्रोग्रॅम धाडकन बंद). विजेटला हात फक्त मुख्य थ्रेडमधून. थ्रेडने आकडा आणावा आणि आयडल_अ‍ॅडकडे (मुख्य थ्रेडकडे काम सोपवणारं फंक्शन) द्यावा. संपलं.

मालवण (दुसरो)

मिया प्रोग्रामर नाय, दुकानदार. भावाच्या झिलान बिलाचा बनवून दिल्यान. "बिल काढ" दाबलय काय बटन करडा जाता. माका वाटला बिघाडला, म्हणान धा वेळा दाबलय. तो म्हणता, दोनदा बिल जावचा नाय म्हणान मुद्दाम केलंय. पण माका कसा कळतला?

रत्नागिरी

तुमचं बरोबर आहे. पुतण्याला सांगा, स्टेट डिसेबल्ड करतोस त्याच कॉन्फिगरमध्ये टेक्स्टही बदल: "थांबा, बिल छापतंय". आणि त्याच्या लगेच खाली अपडेट_आयडलटास्क्स टाक. नाहीतर ती अक्षरं बिल छापून झाल्यावरच दिसतील, आणि तोवर तुम्ही अजून धा वेळा दाबलेलं असेल.