'श्वास'सारखे काळजाला हात घालणारे पिक्चर सुचवा की

चाटीगल्लीवाला:
नमस्कार मंडळी. रविवारी घरात सगळ्यांनी मिळून 'श्वास' बघितला, 2004 चा, संदीप सावंतांचा. माझा आधी बघून झालेला, आईचा पहिल्यांदाच. आजोबा नातवाला गावाकडनं शहरात दाखवायला आणतात, डोळ्याचा कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढायला लागणार आणि हे त्या एवढ्याशा पोराला सांगायचं कुणी? ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातनं गुपचूप बाहेर नेतात, सगळं एकदा बघून घे म्हणून, तिथं अरुण नलावडेंकडं बघवत नाही हो.
तसलं काहीतरी शोधालोय. आजारपणाचंच पाहिजे असं नाही. उगं व्हायोलिन वाजवून रडवणारे नकोत. आईला सबटायटल वाचायला जमत नाही, मराठी नाहीतर कन्नड चालतंय, आमच्या घरात कन्नडच बोलतात.

जुळे_सोलापूरकर:
मग 'अस्तु' लावा, डोळे झाकून. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मोहन आगाशे संस्कृतचे मोठे विद्वान, आता आठवण जायला लागलीय, मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा कामाला जाते तेवढ्यात ते रस्त्यावरनं चाललेल्या हत्तीच्या मागं निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते आणि ती कन्नड बोलते! अमृता सुभाषनं केलीय, नॅशनल अवॉर्ड मिळालाय त्याला. एवढे शिकलेले आप्पा त्या बाईला आई मानायला लागतात, आणि पोटच्या मुलीला ओळखत नाहीत. मुलीची बाजू पण दाखवलीय, तिला दोष द्यावा वाटत नाही, हे मला फार आवडलं.

पार्क_चौक:
'अस्तु' चांगलाच आहे पण 'श्वास'सारखी धाकधूक त्यात नाही असं माझं मत. 'श्वास'मध्ये ऑपरेशनची वेळ जवळ येत असते म्हणून आपण जाग्यावरनं हलत नाही. तसा पेच पाहिजे असेल तर 'धग' बघा, 2012 चा, शिवाजी लोटन पाटलांचा. स्मशानात प्रेतं जाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारं घर, पोराला ते काम करायचं नाही, आणि घर तर त्याच्यावरच चाललंय. उषा जाधवला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचा नॅशनल मिळाला, आणि बघितल्यावर कळतं का मिळाला ते. फक्त रात्री झोपायच्या आधी लावू नका.

करमाळ्याची_पोरगी:
'नाळ' कसा कुणाला आठवला नाही? 2018 चा. चैत्याला कळतं की ही आपली जन्म देणारी आई नाही, आणि त्या दिवसापासनं तो तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो, तिनं काही केलं तरी मनात तेच. ती बिचारी आपली आधीसारखीच माया करते. देविका दफ्तरदार काय सुंदर केलीय! आईबरोबर बघणार असाल तर हाच बघा दादा. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, 'सैराट'चा कॅमेरा त्यांचाच, आमच्या भागातला उन्हाळा त्यांनी कसा दाखवलाय ते तुम्हाला माहीतच आहे. आणि आमच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' राहिला असेल तर तो पण बघा, पण तो रडवत नाही, आतनं जाळतो.

विडी_घरकुल:
एक इराणी सांगतो, माजिद माजिदींचा 'द कलर ऑफ पॅरडाइज', 1999. आंधळं पोरगं, बापाला ते ओझं वाटतंय, त्याला दुसरं लग्न करायचंय. सुरुवातीलाच शाळेबाहेर बापाची वाट बघत बसलेलं पोरगं घरट्यातनं पडलेलं पिल्लू आवाजावरनं शोधतं, खिशात घालून चाचपडत झाडावर चढतं आणि परत घरट्यात ठेवतं. भाषा कळली नाही तरी तिथं काय चाललंय ते कुणालाही कळतं, आईंना जमेल.

चाटीगल्लीवाला:
सगळ्यांना थँक्यू. पार्क चौक, धाकधुकीचं तुमचं बरोबर आहे, मला तेच पाहिजे होतं पण शब्दात सांगता येत नव्हतं, 'धग' मी एकटा बघतो. आईला चन्नम्माचं सांगितलं तर ती आजच लाव म्हणाली. 'अस्तु' नेमका कुठं बघायला मिळतोय, कुणी सांगता का?

जुळे_सोलापूरकर:
मी बघितला त्याला दिवस झाले. शोधून संध्याकाळी कळवतो.