मदत हवी आहे: आधीचा एमआरआय नॉर्मल, आता गाठ. मग 'हळू वाढणारी' कशी?

भाचा १४ वर्षांचा आहे. तीन वर्षांपासून फिट्स येतात. हातपाय झाडत नाही. मध्येच एकटक बघत बसतो, ओठ चाटतो, हाक मारली तरी ओ देत नाही. सुरुवातीला 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून आम्ही रागवायचो. आता आठवलं की कसंसंच होतं.

तेव्हाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता. दोन औषधं झाली, फिट्स थांबेनात. म्हणून गेल्या महिन्यात ३ टेस्ला (जास्त ताकदीच्या) मशीनवर पुन्हा केला. रिपोर्ट असा: उजव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) दीड सेंटिमीटरची गाठ, टी-२ वर बुडबुड्यांसारखी, फ्लेअरवर (टी-२ आणि फ्लेअर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) कडेला पांढरी रेघ, भोवती सूज नाही, कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेत नाही. डीनेटची शक्यता, गँग्लिओग्लायोमा (दोन्ही मेंदूतल्या गाठींचे प्रकार) नाकारता येत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही सहसा ग्रेड १ च्या (सर्वांत खालची श्रेणी), हळू वाढणाऱ्या.

शून्यावरून दीड सेंटिमीटर म्हणजे हळू? आणि कॉन्ट्रास्ट न घेणं चांगलं ना?

प्रतिसाद:
माझ्या मुलीचं असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, पण या रिपोर्टांत दोन वर्षं काढली आहेत.

गाठ बहुधा तेव्हाही असेल. साध्या एमआरआयचे काप ४-५ मिलिमीटर जाड असतात. डीनेट कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) बसते, शेजारच्या भागाला फारशी ढकलत नाही, त्यामुळे नजरेतून सुटते. एपिलेप्सी प्रोटोकॉलमध्ये (फिट्ससाठीच्या खास एमआरआयमध्ये) १ मिलिमीटरचे काप घेतात, शिवाय हिप्पोकॅम्पसला (टेम्पोरल लोबच्या आतला भाग) काटकोनात टी-२. जुन्या स्कॅनची सीडी शोधा (नुसत्या फिल्मा नकोत) आणि रेडिओलॉजिस्टना दोन्ही शेजारी लावून बघायला सांगा. आमच्याकडे जुन्या स्कॅनमध्ये तीच जागा किंचित पांढरी निघाली.

कॉन्ट्रास्टचं म्हणाल तर बहुतेक डीनेट तो घेत नाहीत, काही घेतात. गँग्लिओग्लायोमात बऱ्याचदा सिस्ट (द्रवाची पिशवी) आणि तिच्या भिंतीवर कॉन्ट्रास्ट घेणारी गुठळी दिसते; कॅल्शियम असलं तर सीटीवर जास्त स्पष्ट दिसतं. पण कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या वेगळ्या, वाढत जाणाऱ्या गाठीही असतात. पक्कं नाव पॅथॉलॉजीतच (काढलेल्या गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत) कळतं. दोन औषधांनी फिट्स थांबल्या नसतील तर ऑपरेशनबद्दल आताच विचारा. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

धागाकर्ता:
सीडी सापडली, भाच्याच्या जुन्या दप्तरात! फ्लेअरचे काप ५ मिलिमीटरचे, मध्ये गॅपही आहे. सोमवारी घेऊन जातोय.