फायबर लेसरची संरक्षक काच सारखी का जळते?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमच्या कार्यशाळेत डवऱ्याच्या पासा आणि पेरणीयंत्राचे सुटे भाग ३ किलोवॅटच्या फायबर लेसरवर कापले जातात. शेजारीच जिनिंग असल्यामुळे दिवाळीनंतर हवेत रुईची तूस उडत असते आणि त्याच काळात लेन्सखाली तिच्या रक्षणासाठी बसवलेल्या संरक्षक काचेच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग पडून ती आठवडाभरात निकामी होते. अधिक टिकाऊ काच कोणती?

उत्तर १:
काच फ्यूज्ड सिलिकाचीच (शुद्ध सिलिका वितळवून केलेली) घ्यावी, कारण फायबर लेसरच्या १.०७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास ती प्रकाश जवळजवळ शोषत नाही आणि तापल्यावर बीके-७ या नेहमीच्या प्रकाशीय काचेच्या सुमारे तेराव्या हिश्श्याइतकीच प्रसरण पावते. मात्र तुसाचा एक तंतू किंवा बोटाचा ठसा प्रकाश शोषू लागला, की तेथील परावर्तन रोखणारा लेप करपतो आणि मग उत्तम काचही वाचत नाही. डाग कोणत्या बाजूस आहे?

उत्तर २:
झिंक सेलेनाइडची काच टिकते असे ऐकून कोणी ती सुचवील, पण ती १०.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरसाठी असते. ती फुटल्यास तिची पूड विषारी असते, हेही कामगारांना आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ता:
भिंगाने पाहिले, डाग वरच्या, म्हणजे लेन्सकडील बाजूस आहे.

उत्तर १:
तर मग कापताना खालून उडणाऱ्या ठिणग्यांपेक्षा काच बदलतानाच तूस आत शिरत असण्याचा संभव अधिक आहे. यंत्र व पंखा बंद करून, काच काढल्यावर उघडी पडलेली खाच लगेच चिकटपट्टीने झाकून, नवी काच कडेनेच धरून बसवावी.