उरलेल्याचं राज्य

'ताऱ्याताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूत नव्वद टक्के अणू हायड्रोजनचेच, मग बाकीची मूलद्रव्यं थोडी कमी-जास्त झाली तर रेणूंना काय फरक पडतो?' या प्रश्नातला पहिला अर्धा भाग मान्य, दुसरा नाही. खरी मेख कार्बन जास्त की ऑक्सिजन यात आहे. दोघं भेटले की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याचा बंध इतका चिवट (तोडायला सुमारे ११ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते) की जो कमी असेल तो जवळपास सगळा त्यातच अडकतो. मग उरलेल्याचं राज्य. ऑक्सिजन उरला तर पाणी, सिलिकॉन मोनॉक्साइड. कार्बन उरला तर ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड आणि लांबलचक कार्बनसाखळ्या.

साताऱ्याकडच्यांना हे डोळ्यांनी बघता येतं. थंडीत यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला गेलं, शहराचा उजेड मागे पडला, की मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) तारा बघा: तांबूस-नारिंगी. तिथे ऑक्सिजन जास्त, वर्णपटात (रंगांत फोडलेल्या त्याच्या प्रकाशात) टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे. मग दुर्बिणीने मृगातल्याच राजन्य (रायगेल) ताऱ्याच्या खाली, जरा उजवीकडे शशक तारकासमूहातला 'आर' तारा शोधा. तो रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज कमी-जास्त होतं, त्यामुळे तेजस्वी असेल तेव्हाच जा, नाहीतर नुसती मान दुखते. सापडला तर रंग निखाऱ्यासारखा, कारण तिथे कार्बन जास्त आणि कार्बनचे रेणू निळा प्रकाश गिळून टाकतात. असेच तारे आपला माल अवकाशात उधळतात. एकाकडून वाळूच्या जातीची सिलिकेट धूळ, दुसऱ्याकडून काजळी.

शिवाय वृषभ राशीतल्या वायू-धुळीच्या थंड ढगांत ऑक्सिजनचा बराच भाग धूलिकणांवर बर्फ होऊन बसतो, म्हणून एकूण हिशोबात ऑक्सिजन जास्त असूनही तिथल्या वायूत कार्बनसाखळ्या सापडतात.