'पिंच' आणि 'बर्स्ट' : क्ष-किरणांच्या संदर्भात नेमके शब्द कोणते?

भाषांतरकार : झेड-पिंच यंत्रांवरील, म्हणजे विजेचा प्रचंड प्रवाह सोडून प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) आवळणाऱ्या यंत्रांवरील, लेखाचे मराठीकरण करताना 'चुंबकीय दाबाने आवळलेल्या प्लाझ्मातून क्ष-किरणांचा झोत निघतो' असे वाक्य मी लिहिले होते. संपादकांनी 'झोत' काढून 'स्फोट' घातला आणि 'आवळलेल्या'ऐवजी 'संपीडित' केले. मूळ शब्द 'बर्स्ट' आणि 'पिंच' असे आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

वाचक १ : झोताला दिशा असते, आणि इथे किरण सर्व बाजूंना फाकतात, म्हणून 'झोत' चुकीचाच आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' यंत्रात केसाहून बारीक अशा टंगस्टनच्या शेकडो तारा वर्तुळाकार उभ्या लावतात आणि त्यांतून २ कोटींहून अधिक अँपिअरचा प्रवाह सुमारे १०० नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) सोडतात. तारांचा प्लाझ्मा होतो, तो आत खेचला जाऊन अक्षावर आदळतो आणि त्या आदळण्याची गतिज ऊर्जा काही नॅनोसेकंदांत क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या क्ष-किरणांची शक्ती २०० टेरावॉटांच्या (टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) पुढे गेली होती, मात्र एकूण ऊर्जा होती जेमतेम २ मेगाजूल, म्हणजे विजेच्या हिशेबात अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. एवढ्याशा ऊर्जेला 'स्फोट' म्हणणे मला भडक वाटते.

वाचक २ : ऊर्जा थोडी असली तरी ती एका क्षणात बाहेर पडते, हाच तर स्फोटाचा अर्थ आहे! 'स्पंद' म्हणावे, तर तो पुन्हा पुन्हा होणारा वाटतो, आणि या यंत्रावर दिवसाकाठी साधारण एकच प्रयोग होतो. 'चमकारा' दिसावा लागतो. क्ष-किरण दिसत नाहीत.

वाचक ३ : 'पिंच'कडे कोणीच पाहिले नाही. शाळेत आमचे शिक्षक 'चिमटा परिणाम' म्हणत, पण चिमट्याला दोनच बाजू असतात. इथे प्रवाहाभोवती त्याचेच चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते प्लाझ्माला चहूकडून आत दाबते. बाहेरून कोणी चुंबक आणून लावलेला नसतो. म्हणून 'आवळणे' हेच योग्य, कारण फासही गोल असतो आणि ओढला की स्वतःच घट्ट होतो. 'संपीडित' वाचले की प्लाझ्माची पीडा आठवते.

वाचक २ : 'पीड्' या संस्कृत धातूचा अर्थ दाबणे असाही आहे, आणि आपले 'पिळणे' त्यातूनच आले आहे. तेव्हा 'संपीडन' परके मानून टाकून देण्याचे कारण नाही. शिवाय परिभाषेतला शब्द घ्यायचाच असेल तर अर्धवट का घ्यायचा? 'प्लाझ्मा' तसाच ठेवून 'संपीडित' लिहिणे ही धेडगुजरी झाली. 'आयनद्रायू' हा शब्द असताना तो वापरावा.

वाचक १ : 'पिळणे' म्हटले की पीळ आला, आणि इथे प्रवाह सरळ आहे. 'आयनद्रायू'बाबत माझी हरकत वेगळी आहे. प्लाझ्मात आयनांइतकेच इलेक्ट्रॉनही महत्त्वाचे असतात, किंबहुना वीजप्रवाह मुख्यतः तेच वाहतात. मग नावात निम्म्या कुटुंबालाच जागा का?

वाचक ३ : 'प्लाझ्मा' हे नावही १९२८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी दिले, तेव्हा रक्तातला प्लाझ्मा आधीच प्रचारात होता. इंग्रजीला एका शब्दाचे दोन अर्थ चालले, मग आपल्याला का चालू नयेत?

वाचक २ : कारण रक्तातल्या प्लाझ्मासाठी मराठीत 'रक्तद्रव' आधीपासून आहे. दोन अर्थांना दोन शब्द असताना ते एकात कोंबणे म्हणजे सोय गमावणेच होय. 'आयनद्रायू' अपुरा असेल, तर त्याहून चांगला सुचवा.

वाचक १ : 'प्लाझ्मा'. मराठी वाचक तो रोज वाचतात.