द्यूतसभेतला प्रश्न : द्रौपदीचे सामर्थ्य की तिची हतबलता?

गोदाकाठ (धागाकर्ता) :
महाभारतातल्या स्त्रियांच्या सामर्थ्याचा विषय निघाला की बहुधा सावित्रीचे नाव आधी घेतले जाते. माझ्या मते त्या सामर्थ्याचा खरा कस सभापर्वात लागतो. पणात जिंकलेली दासी म्हणून द्रौपदीला सभेत न्यायला दुर्योधनाचा दूत प्रातिकामी येतो, तेव्हा ती निमूटपणे निघत नाही. त्यालाच परत धाडून युधिष्ठिराला विचारायला लावते की तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा या प्रश्नाचा गाभा आहे. त्यावर भीष्मांची कोंडी होते, कारण स्वामित्व गमावलेल्याला परक्याचे धन पणाला लावता येत नाही हे त्यांना मान्य आहे आणि स्त्री पतीच्या अधीन असते हेही त्यांना सोडवत नाही. कौरवांतला विकर्ण मात्र ती जिंकली गेलेलीच नाही असे उघड सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत तिने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक नाहीत. वस्त्रे तिथेही प्रकटतात, पण तिच्या तोंडी आहे तो युक्तिवाद. भरल्या सभेला निरुत्तर करणाऱ्या या स्त्रीला अबला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शमीवृक्ष :
निरुत्तर केले हे खरे, पण तिच्या पदरात काय पडले? केस धरून तिला फरफटत आणलेच, आणि प्रश्नाचा निवाडा शेवटपर्यंत झाला नाही. धृतराष्ट्र वर देतो तो त्याच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हा ओरडल्यानंतर, म्हणजे तिच्या तर्काला मान देऊन नव्हे, तर अपशकुनाच्या धास्तीने. लगेच पुन्हा द्यूत होते आणि वनवास चुकत नाही तो नाहीच. इरावती कर्वे यांनी तर महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकात हा प्रश्न विचारणे हीच द्रौपदीची मोठी चूक मानली आहे.

गोदाकाठ :
इरावतीबाईंविषयी आदर राखूनही त्यांचे हे मत मला पटत नाही. गप्प राहून तिची अप्रतिष्ठा टळली असती असे सभेतल्या कोणाच्याही वागण्यावरून दिसत नाही. आणि वरांचे म्हणाल, तर ती काय मागते ते पाहा. युधिष्ठिरापासून झालेल्या आपल्या मुलाला, प्रतिविंध्याला, कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून पहिल्या वराने ती युधिष्ठिराची सुटका मागते. दुसऱ्याने उरलेल्या चौघांची, तीही रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर देऊ केला असता लोभाने धर्माचा नाश होतो असे सांगून ती तो नाकारते. स्वतःची सुटका ती मागतच नाही, कारण आपण दासी झालो हे तिने मान्यच केलेले नाही, असे मी समजतो. बुडणाऱ्या पांडवांना पांचालीने नौका होऊन पार नेले, ही कबुली कर्ण देतो, हे तर विसरताच येणार नाही.

अक्षरवेल :
या चर्चेत एक गोष्ट कोणीच काढली नाही. त्याच सभेत, द्रौपदीच्या कितीतरी आधी, युधिष्ठिर शंख-केयूर ल्यालेल्या एक लाख तरुण दासी पणाला लावून हरतो. त्यांच्या वतीने भीष्म नाही, विदुर नाही, विकर्णही बोलत नाही; त्या सोन्यानाण्याच्या यादीत गेल्या. द्रौपदीचा प्रश्नसुद्धा दास्य अन्याय्य आहे असे म्हणत नाही, ते आपल्याला लागू होत नाही एवढेच म्हणतो. तेव्हा हे स्त्रीचे सामर्थ्य म्हणावे की राजकन्येचे? वनपर्वात ती स्वतःच सांगते की बृहस्पतीची नीती तिने बापाच्या मांडीवर बसून ऐकली. हे किती जणींच्या वाट्याला आले?

गोदाकाठ :
आपला आक्षेप मोलाचा आहे आणि त्या दासींच्या बाबतीत मला काहीही प्रतिवाद करायचा नाही. परंतु विराटपर्व वाचताना तो अपुरा पडतो. तिथे अज्ञातवासात ती राणी नाही, विराट राजाच्या राणीची सैरंध्री, म्हणजे वेणीफणी करणारी सेविका आहे. राणीचा भाऊ कीचक तिला राजसभेत लाथ मारतो, आणि तरीही ती विराटाला सभेतच सुनावते की तुझे हे वागणे दस्यूचे आहे.

अक्षरवेल :
आणि विराट म्हणतो की तुमचे भांडण माझ्या डोळ्यांआड झाले, ते मला ठाऊक नाही. कीचक मेला तो भीमाच्या हातून.

गोदाकाठ :
भीमाच्या हातून, पण कोणाच्या निर्धाराने? सभेने पाठ फिरवल्यावर ती रात्री एकटी पाकशाळेत जाते, झोपलेल्या भीमाला उठवते आणि चंदन उगाळून घट्टे पडलेले हात त्याच्यापुढे धरते. सूर्योदयानंतर कीचक जिवंत राहिला तर मी विष घेईन, असे ती बजावते. नृत्यशाळेची जागा भीम सुचवतो. कीचकाशी बोलून त्याला तिथे यायला लावते ती द्रौपदीच. न्याय मागण्याचे दार बंद झाले तेव्हा तिने दुसरे शोधले, आणि यात तिला राजकन्या असण्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण ती कोण आहे हे त्या राजवाड्यात पांडवांखेरीज कोणालाच माहीत नव्हते.